शेवंतीआत्याची वहिवाट

माझ्या आत्याला कुणी ‘सुरेखा’ म्हणून हाक मारली की ती आधी मागे वळून बघायची. मागे कुणी नसायचं. मग समोर बघून म्हणायची, “ती नाही आली आज. मी शेवंती. माझ्याकडे काही काम आहे का?” बोरीवलीच्या तिच्या सोसायटीत सगळे तिला सुरेखाकाकूच म्हणत. रेशनकार्डावर, गॅसच्या बिलावर, दारावरच्या पाटीवर सुरेखाच होतं. लोकांना वाटायचं, काकू गंमत करतात. गंमत कसली? ती चिडलेली असायची. लग्नाच्या दिवशी चिडली आणि तो राग तिने शेवटपर्यंत निवू दिला नाही.

शेवंती हे नाव माझ्या आजोबांनी हौसेने ठेवलेलं. ते गिरणीत होते, कोकणातून आलेले, लेकीवर भारी जीव. लग्नात नवऱ्यामुलाने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं असतं, तसं आतोबांनी लिहिलं, ‘सुरेखा’. सुरेशला शोभेल अशी सुरेखा. आत्या सांगायची, “मी वाकून बघितलं तर दुसरीच कोणतरी. मला वाटलं, ताट चुकलं. विचारलं का मला कोणी? गाईचं नाव बदलताना तरी एकदा तिच्या तोंडाकडे बघतात.”

लग्नानंतर महिन्याभराने आजोबा कुळथाची पिशवी घेऊन तिला भेटायला गेले. जिन्यातूनच त्यांनी हाक दिली, “गो शेवंते!” दारात तिची सासू उभी होती. ती म्हणाली, “इथे शेवंती कुणी राहत नाही.” आजोबा भोळे. त्यांना वाटलं, आपलाच मजला चुकला. “चुकलं हां,” म्हणून ते पिशवी घेऊन जिना उतरायला लागले. आत्या पिठाच्या हातांनी धावत सुटली आणि खालच्या मजल्यावर तिने त्यांना गाठलं. त्यानंतर आजोबांनी तिला त्या घरात नावाने कधी हाक मारली नाही, नुसतं ‘बाय’ म्हणायचे. हे सांगताना आत्या रडायची नाही. तिचा आवाज चढायचा. “बापाला जिन्यातनं परत पाठवतात मेले, आणि वर तोंड करून सांगतात, रीत आहे!”

पुढे ती दिंडोशीला एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करू लागली. तिथे शिपाई आला नाही की चहा बायकांनी करायचा. का, तर शिरस्ता आहे. आत्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “मी टाइप करायला आलेय. शिरस्त्याला सांगा गॅस पेटवायला.” घरी येऊन मला म्हणाली, “घरातली रीत चपला घालून ऑफिसात आली की तिचा शिरस्ता होतो. सोसायटीत पायंडा, कोर्टात वहिवाट. सासर बदललं की नाव बदलतं मेलीचं, बाई तीच!”

वहिवाट हा शब्द मात्र तिला फार आवडला होता. कुणाच्या तरी कंपाउंडातून जाण्यायेण्याच्या वाटेचा दावा होता आणि कागद तिच्याकडे टाइप करायला आले होते. मधेच हात थांबवून तिने वकीलसाहेबांना विचारलं, “साहेब, वीस वर्षं दुसऱ्याच्या अंगणातून गेलं तर ती वाट हक्काची होते. मी बावीस वर्षं शेवंती होते. माझी वहिवाट कुठे गेली?” साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, “तो पॅरा पूर्ण करा.”

मी एकदा सुचवलं, “आत्या, रीतसर अर्ज कर ना. नाव बदलून मिळतं.” माझ्यावरच उखडली. “मी का करू? मी बदललंच नव्हतं. ज्यांनी बदललं त्यांनी करावा अर्ज!”

सोसायटीत कामाला येणाऱ्या बायकांना पुढची लिफ्ट बंद होती. आत्या आपल्या घरी काम करणाऱ्या रुक्मिणीला हाताला धरून त्याच लिफ्टने वर न्यायची. सेक्रेटरी म्हणाले, “काकू, तुमचं ठीक आहे हो, पण उद्या पायंडा पडेल.” आत्या म्हणाली, “पडू दे ना. ही लिफ्ट बंद केलीत तेव्हा पडला तो चालला तुम्हाला. कोणी पाडला तो, नाव सांगा.” असल्या गोष्टी कुणीच केलेल्या नसतात, हाच त्यातला हलकटपणा आहे, हे मी तिच्याकडून शिकले.

मग माझं लग्न ठरलं. सासूबाई गोड बोलून म्हणाल्या, “कागदोपत्री काही बदलायचं नाही हो. फक्त ताटात लिहायचं. आमच्यात पद्धत आहे.” आई-बाबा म्हणाले, तांदळातलं नाव, पुसून जाईल. मलाही वाद नको होता. मुलुंडच्या हॉलमध्ये गुरुजींनी ताट मागितलं, तर ताट गायब. शोधाशोध झाली. आत्या नवरीच्या खोलीत ताट मांडीवर घेऊन बसली होती. बाबा कळवळून म्हणाले, “अगं, दे ना ते. सगळे खोळंबलेत.”

“देते. पण मी स्वतः देईन.”

तिने भर मांडवात ताट माझ्या नवऱ्यापुढे ठेवलं. “जावईबापू, लिहा. पण तिला विचारून लिहा.” त्याने माझ्याकडे बघितलं आणि खरंच विचारलं, “काय लिहू?” मी माझंच नाव सांगितलं, “मेघना.” त्याने तेच लिहिलं. सासूबाई वर्षभर आत्याशी बोलल्या नाहीत, आणि आत्याला त्याचं काडीचं दुःख झालं नाही. परत जाताना ती मला एवढंच म्हणाली, “तुझ्या बापाने जिन्यातनं हाक मारली तर ‘ओ’ दे.”

ती गेल्या वर्षी गेली, रात्री हॉस्पिटलात. आतोबा आधीच गेले होते. सकाळी पोहोचले तर फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं, ‘श्रीमती सुरेखा सुरेश नाईक यांचे दुःखद निधन’. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अख्खं नाव पुसलं आणि नुसतं लिहिलं, ‘शेवंती’. सेक्रेटरी धावत आले. “अहो ताई, फळ्यावर रेकॉर्डमधलं नाव लिहायची पद्धत आहे.” मी म्हटलं, “कोणी पाडली?” ते रजिस्टर आणायला ऑफिसात गेले.

तेवढ्यात आत्याच्या समोरच्या दारातल्या मालतीकाकू दुधाची पिशवी घेऊन फाटकातून आत आल्या. चाळीस वर्षं दोघींनी एकमेकींकडचं विरजण नेलेलं. त्यांनी फळा वाचला, मान हलवली आणि मला विचारलं, “कोण गं ही? आपल्याकडे शेवंती कुणी राहत नाही.”

चाळीस वर्षं आत्या तोंडाने सांगत होती आणि ही सगळी माणसं हसत होती. मला फळ्याकडे पाठ करून म्हणावं लागलं, “सुरेखाकाकू गेल्या.” तेव्हा कुठे मालतीकाकूंच्या हातातली पिशवी खाली पडली आणि त्या रडायला लागल्या. मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.