शिराझचा आकडा

स्फाक्स शहरात भाजीबाजारामागे मबरूकाचं पार्लर होतं. ती स्वतः सहावीतच शाळेबाहेर पडलेली, पण हात असा की लग्नसराईत बायका दाराबाहेर ताटकळत उभ्या राहायच्या. नवरा बोटीवर असायचा. घरी ती आणि एकुलती एक शिराझ.

शिराझ चार वर्षांची असताना बालवाडीत दुर्राबाई आल्या. मुलांची बुद्धी मोजणं हे त्यांचं काम. ठोकळे, चित्रं, थोडे प्रश्न. शिराझचा आकडा एकशे अडतीस निघाला.

"तो धरून बसू नका हं," दुर्राबाई म्हणाल्या. "या वयात आकडा फार हलतो. पोर बुजलं, भुकेलं असलं तरी घसरतो. सातव्या वर्षी पुन्हा बघू."

मबरूकाच्या कानात आकडा तेवढा शिरला. त्या दिवसापासून केसांना मेंदी लावता लावता ती प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ऐकवी. बायकाही शिराझला "या डॉक्टरीणबाई" म्हणू लागल्या.

त्याच दिवशी बालवाडीत मबरूकाच्या भावाची मुलगी युस्र हिचीही चाचणी झाली होती. ती आईचा झगा सोडेना, ठोकळ्यांना हात लावेना. आकडा फारच खाली आला. पार्लर भरलेलं असताना युस्रच्या आईच्या, वसीला वहिनीच्या तोंडावर मबरूका हसत म्हणाली, "काय करणार वहिनी, ज्याच्या त्याच्या रक्तात असतं ते!" वसीला युस्रचा हात धरून ओल्या केसांनिशी उठून गेली.

तीन वर्षांनी शाळेनं दोघींची पुन्हा चाचणी घेतली. मबरूकानं आदल्या दिवशी लेकीला नवे बूट घेतले, "नाव राख गं माझं," म्हणून दहादा बजावलं. सकाळी पोरीला ओकारी झाली. आकडा आला एकशे चार. युस्रचा त्याहून वर होता.

"यात वाईट काय आहे?" दुर्राबाई म्हणाल्या. "बहुतेक मुलं शंभराच्या आसपासच असतात. छान मुलगी आहे. आणि आज ती घाबरलेली होती, तेव्हा युस्र घाबरली होती तशीच."

पार्लरमध्ये बायकांनी विचारलं, तर मबरूकानं ठोकून दिलं, "अजून कळवलं नाही शाळेनं." कोपऱ्यात शिराझ पिना निवडत बसली होती. बायका गेल्यावर तिनं विचारलं, "आई, मी आता मठ्ठ झाले का? म्हणून सांगत नाहीस?"

मबरूकाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं लेकीला कुशीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी पार्लर भरल्यावर तिनं आपणहून आकडा सांगितला, काल खोटं बोलले हेही सांगितलं. संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली.

"वहिनी, चुकलं माझं. चारचौघांत बोलले होते."

वसीला मटार सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "माझ्या पोरीनं ते ऐकलं होतं, वन्सं. वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही तिनं. विचारलं तर म्हणायची, माझ्या रक्तातच नाही."

मबरूकाचा चेहरा कानापर्यंत तापला. आत युस्र कुणाला तरी मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवत होती. तिच्यापुढे जायचा मबरूकाला धीर होईना.

"बसा," वसीला म्हणाली आणि मटारची टोपली मधे सरकवली. "माफी तिच्याकडे मागा. मी बोलावते."