हळू आणि हल्लु

वडिलांना इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो, तेव्हा मी तिसरीत होते. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. शाळेत दात तपासून झाले आणि माझ्या डायरीत चिठ्ठी आली: पुढचे दात बाहेर येताहेत, दाखवून घ्या.

जयनगरच्या दातांच्या दवाखान्यात मी बाकावर सारखी चुळबुळ करत होते. उजवा अंगठा मुठीत दाबून धरला होता. अंगठा चोखणं सुटलं, असं मी आईला सांगितलं होतं. ते खोटं होतं. दातांवरून डॉक्टरांना ते कळतं का, हे विचारायचं कुणाला?

डॉक्टरबाई वयस्कर होत्या. खुर्चीत बसवून म्हणाल्या, "हल्लु तोरिसु, पुट्टी."

मला 'हळू' ऐकू आलं. मी हळूच, जरासं तोंड उघडलं.

"हल्लु, हल्लु."

मी आणखी हळू उघडलं. जवळजवळ मिटलंच.

आई हसायला लागली. "अगं, कानडीत हल्लु म्हणजे दात. दात दाखव बाळा, म्हणताहेत." मग तिने इंग्रजीत त्यांना आमच्या 'हळू'चा अर्थ सांगितला. त्याही हसल्या. माझे कान तापले.

त्यांनी मला दात मिटायला लावले. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये फट राहत होती. मग त्यांनी माझी मूठ उघडली. अंगठा बाकीच्या बोटांपेक्षा गोरा होता, त्यावर घट्टा होता. त्यांनी मूठ परत मिटवली.

"दातांना तार आत्ता नको," त्या आईला म्हणाल्या. "सहा महिन्यांनी परत बघू. तोवर हिला एक गोष्ट सोडायची आहे. कोणती, ते हीच सांगेल." आणि माझ्याकडे वाकून, नुकताच शिकलेला शब्द वापरत म्हणाल्या, "हळू हळू. सरी?"

बसमध्ये आईने विचारलंच. "काय सोडायचंय?"

मी हात मांडीखाली घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. दोन स्टॉप गेले. मग सांगितलं.

"काय? जरा मोठ्याने बोल बाई, ऐकू येत नाही."

दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून पाहिलं. त्यांना मराठी येत नव्हतं, असं मी अजूनही धरून चालते.