मावशींचे गुडघे
ओल्या घोंगडीचा उग्र वास आला की मला अजून हसू फुटतं. सत्तावन्न साली फ्लूच्या साथीत मी बारामतीच्या एका दवाखान्यात नर्स होते. साथ अंगावरून गेली की तिची खूण रक्तात राहते, ती आमच्यापैकी कुणाकुणात आहे हे बघायला पुण्याहून एक डॉक्टर आले आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात रांगेनं बसवलं. पहिला नंबर माझा. दिवसभर दुसऱ्यांना सुया टोचणारी मी, स्वतःचा हात पुढे करायची वेळ आली तशी तो पाठीमागे लपवून बसले, आणि माझं बघून मागची रांग पांगू लागली. डॉक्टर रिकाम्या नळ्या घेऊनच परत जाणार असं दिसताच आमच्या आयामावशी उठल्या. वरकुटे गावच्या, माहेरी मेंढरं राखलेल्या. औषध पाजताना मेंढी धरावी तसं त्यांनी मागं बसून मला पुढ्यात ओढलं नि दोन्ही गुडघ्यांत गच्च धरलं. मी तोंड फिरवलं, ते त्यांच्या पावसानं भिजलेल्या घोंगडीतच बुडालं. “हलू नगंस पोरी, माझी मेंढी तुझ्यापरास शाणी हाय!” सगळा व्हरांडा खदखदून हसला, मीही हसले, तोवर नळी भरलीसुद्धा. मग कंपाउंडरसकट सगळ्यांनाच मावशींच्या गुडघ्यांत बसायचं होतं. शेवटी मावशींनी स्वतःचाही हात पुढे केला. महिन्याभरानं पुण्याहून तपासणीचा कागद आला. साथीत एकही रजा न घेतलेल्या मावशींच्याच रक्तात ती खूण निघाली. “आला आसंल ताप,” त्या म्हणाल्या, “बघाय सवड कुणाला हुती?” आता नातसून मला रक्त तपासायला नेते, तेव्हा खुर्चीत बसले की माझी पाठ आपसूक मागं सरकते, ते गुडघे शोधत.