हात नाई म्हनते

“हात नाई म्हनते,” असं म्हणून तो हातमोजा काढायचा आणि दुकानदाराच्या पुढ्यात ठेवायचा. तुम्ही त्याच्याबरोबर एकदा जरी खरेदीला गेला असतात, तरी माझा संताप तुम्हाला वेगळा सांगावा लागला नसता.

सगळे त्याला मास्तर म्हणत. नाचणगावात एका मशीनवर शिवणकाम करायचा आणि रविवारी पुलगावच्या आमच्या हॉकी संघाचा गोलकीपर व्हायचा. मी संघाचा सेक्रेटरी, म्हणजे बाकी कुणाला नको असलेली कामं माझी. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मास्तरचा जुना मोजा फाटला म्हणून मी त्याला सकाळच्या पॅसेंजरनं वर्ध्याला नेलं.

तळव्याला जाड गादी असलेला, चेंडू अडवायचा डाव्या हाताचा मोजा. त्यात निवडायचं काय? मास्तरनं पाच मोजे घातले. प्रत्येकात मूठ मिटली, बोटं हलवली, खिशातून टेप काढून मापं घेतली. शेवटी एक पसंत पडला. सुटलो म्हणतो तोवर बोलला, “आता हात थंडा हाय. घंटाभर फिरून येऊ. उन्हात हात फुगते, मंग पाहू.”

एप्रिलचं ऊन! दुकानदाराची बोहनीही झाली नव्हती. तासाभरानं घामाघूम होऊन परतलो. मास्तरनं मोजा घातला.

“हात नाई म्हनते.”

“मास्तर, माहे शर्ट त पोत्यासारके शिवता तुमी! तवा माह्या अंगाले इचारलं का कधी?”

“कपडा ढिला चालते, साहेब. बोट मोडलं त माहा धंदा कोन करन?”

अशा तीन खेपा झाल्या. चौथ्यांदा मी एकटाच गेलो आणि हाताला लागला तो मोजा घेऊन आलो. एक माप मोठाच होता. “आत रुमाल कोंबा,” मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सामना होता. मास्तरनं दोनदा बोटं हलवून पाहिली. आता म्हणणारच, असं मला वाटलं.

“तुमी आनला, त घालतो,” एवढंच बोलला.

शेवटच्या मिनिटाला जोरदार फटका आला. मास्तरनं हात घातला, ढिला मोजा हातावर फिरला आणि आतल्या आत तर्जनी मुरगळली. गोल वाचला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, तेव्हा तो डावा हात छातीशी धरून हसत होता. मी टाळ्या वाजवत होतो.

ते बोट पुढं कधी वाकलंच नाही. मशीन कशीबशी चालायची, पण काजं हातानं करायची, आणि चिमटीत कापड धरता येईना. गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे गेली. मला तो शब्दानं बोलला नाही. चार शिव्या तरी द्यायच्या होत्यास मास्तर! त्याचाही मला राग येतो.

तो जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानं शिवलेला शेवटचा शर्ट अजून माझ्याकडे आहे. नेहमीसारखा ढगळ. तिसरं काज इतकं तिरकं, की बटण काही केल्या जात नाही. घालताना दर वेळी मी चिडतो.

“दुसऱ्या टेलरकडे द्या ना, पाच मिन्टात करून देते तो,” बायको म्हणते.

पिशवीत शर्ट घालून दोनदा निघालोही होतो. हात नाई म्हनते.