सासवांची फौज

आमची वस्ती मोठ्या गावातून फुटली आणि तिची वेगळी ग्रामपंचायत झाली. पाटी लागली, झेंडा लागला. अंगावरचा गुलाल धुऊन निघायच्या आत मोठ्या गावाने आमचं पाणी तोडलं. प्रवरेच्या कालव्याची चारी त्यांच्या शिवारातून आमच्याकडे येते. त्यांनी गेट बंद करून तिथं माणसं बसवली. माझा कांदा पोसायला आला होता. पाणी मिळालं नसतं तर तो लिंबाएवढाच राहिला असता.

टीव्हीवर युद्धात सापडलेल्या देशाचे पुढारी मदत मागत फिरतात, तसे आमचे पुरुष चारीच्या शेवटच्या गावाला गेले. पाणी त्यांचंही अडलं होतं, पण त्यांच्या निम्म्या लेकी मोठ्या गावात दिलेल्या. सोयऱ्यांशी भांडण नको म्हणाले. आमचे पुरुष शाल-नारळ देऊन, चहा पिऊन परत आले.

तिथं सरपंच बाई होती, म्हणून मग मला पाठवलं. ओसरीवर सरपंचबाईंची सासू डाळ निवडत होती. मी सरळ मुद्द्यावर आले.

"आमची पाळी चुकली हो. तुमीच कायतरी करा."

म्हातारीने माझे पांढरे केस पाहिले, मग पोट पाहिलं. "या वयात? आन् मालक काय म्हनत्यात?"

"मालक जाऊन लई वर्सं झाली."

तिच्या हातातलं सूप कलंडलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाण्याची पाळी, कालव्याची, असं मी ओरडून सांगितलं. मग सरपंचबाई आल्या, शेजारणी आल्या, आणि म्हातारीने प्रत्येकीला ते नव्याने ऐकवलं.

हसून झाल्यावर मी कांद्याचं सांगितलं. सरपंचबाईंनी लेकींची अडचण काढली.

"लेकी तिथं हायेत म्हनूनच तुमी गेटावर बसा," मी म्हणाले. "जावई सासूला हात लावतोय व्हय?"

म्हातारीला ते पटलं. पण पहिलं पाणी त्यांच्या गावाला, अशी तिने अट घातली. मी कुणाला न विचारता कबूल केलं.

सकाळी सासवा डोक्यावर पदर घेऊन गेटाशी बसल्या. पहाऱ्यावरचे जावई उठून उभे राहिले. एक तर पाया पडला. दुपारी त्यांनीच गेट उचललं.

पाणी माझ्या बांधावरून पुढे गेलं. हा कसला तह, म्हणून आमचे पुरुष माझ्यावर तणतणले. मी त्यांना घरी जायला सांगितलं आणि फावडं घेऊन बांधावर बसले. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना पाणी आमच्याकडे वळलं. मी लुगडं खोचून दारं धरलं, एकेका वाफ्यात पाणी सोडलं. कांद्याची पात पिवळी पडायला लागली होती, पण तो जगला.