ओलं फडकं आणि पाण्याचं मीटर

चौथीनंतर पेन फारसं हातात आलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही मुंग्या चालल्यासारखं आहे. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरी माफी मागितलेली बरी.

आमच्या तांड्याच्या पाण्याचा व्हॉल्व मी उघडते. मोठ्या योजनेचं पाणी टेकडी चढून, मग उतरून आमच्या टाकीत येतं. मागच्या उन्हाळ्यात त्या लोखंडी पाइपवर नवं मीटर बसलं. त्यासाठी पाइप कापला नाही, दोन सेन्सर बाहेरूनच पट्ट्यांनी आवळले. बसवणाऱ्या माणसाने टाकीजवळ, उतारावरची जागा धरली, कारण तिथे कडुनिंबाची सावली होती.

लगेच बिल दीडपट आलं. पाणी समितीने घराघरातून जास्तीचे पैसे घेतले. टाकी तर पूर्वीएवढीच भरत होती, मग बाकीचं पाणी जातं कुठं? टाकीखाली माझ्या दिराची वांगी आहेत. नळावर शेजारची काकू म्हणाली, "वांगे काहून इतके चमकून राह्यले, आता समजलं." बाया हसल्या. समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं, "महिनाभर पाहू बाई. नाही तं व्हॉल्वची चावी दुसऱ्याले देऊ."

सिलिंडरमध्ये किती गॅस उरला ते पाहायला मी ओलं फडकं फिरवते. गॅस असतो तिथवर ओल टिकते, वरचं लवकर वाळतं. एकदा ते करताना पाइप आठवला. दुपारी पाणी चालू असताना तिथेही फडकं फिरवलं. सेन्सरजवळ पाइपची वरची बाजू बघता बघता वाळली, खालची ओलीच राहिली. म्हणजे उतारावर पाइप पुरता भरत नव्हता, आणि मीटर तो भरलेला धरून मोजत होतं. टेकडीपलीकडे, चढावर मात्र पाइप सगळीकडून ओला.

मीटर बसवणारा तपासायला आला तेव्हा मी फडकं फिरवून दाखवलं.

"वहिनी, हे कोणं शिकवलं?"

"सिलिंडरनं."

तो हसला. "घरी बायको रोज करते. मलेच सुचलं नाही."

त्याने चढावर, वळणापासून लांब, सरळ पाइप निवडला. गंज खरवडला, मधे हवा राहू नये म्हणून मलम लावलं आणि सेन्सर पाइपच्या कुशीला बसवले. पाइपच्या माथ्यावर आतून हवा साचते म्हणे. दुसऱ्या दिवशी रिकामी टाकी भरली. तिच्या भिंतीवर लिहिलेला लिटरचा आकडा आणि मीटरचा आकडा जुळला. मी तीनदा पाहिलं.

योजनेच्या ऑफिसने चूक मानायला चार महिने घेतले. पैसे आले तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "तूच वाट. चावी बी तुह्यापाशीच राहू दे."

मी घरोघर गेले. काकूने नोटा मोजल्या आणि म्हणाली, "बस, चहा मांडते." मी बसले. चहात आलं भरपूर होतं. मग उरलेली घरं केली. अंधार पडायच्या आत शेवटच्या घरची सही झाली, आणि सगळ्यांचे जास्तीचे पैसे पूर्ण परत गेले.