मढवी मॅडम आणि लाल बटण

मढवी मॅडमच्या हाती पट्टी लागली की संपलं. एक टोक टेबलाच्या कडेवर दाबायचं, दुसऱ्याला टिचकी मारायची आणि थरथर थांबेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. पीएचडीच्या माझ्या मुलाखतीतही त्यांनी माझीच पट्टी मागून घेतली. समिती खोळंबलेली, मी घामाघूम. मग म्हणाल्या, "ही थांबली. वाऱ्यात विमानाचा पंख थांबणारच नाही, असं कधी होईल, सांग बघू?" मला येईना. "मलापण पुरतं येत नाही. ये, दोघी मिळून बघू." झाली की माझी निवड!

मॅडम घणसोली गावातल्या. आमच्या विद्यापीठात लवचीक पंखांवर त्यांचं संशोधन. हलक्या विमानाचे लांब, बारीक पंख वाऱ्यात वाकतात, पिळतात. एका वेगापर्यंत ही थरथर आपोआप विरते. त्यापुढे वाराच तिला जोर देतो आणि बघता बघता पंख मोडतो. तो वेग कुठला, एवढंच आम्हाला शोधायचं असे. वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे मोटरने वारा सोडायच्या काचेच्या लांब पेटीत, छोटा पंख बसवायचा, वेग हळूहळू वाढवायचा आणि थरथर वाढू लागली की लाल बटण दाबून सगळं बंद. बटणावर हात कायम मॅडमचा. वर्गात शुद्ध बोलणाऱ्या बाई मोटर सुरू झाली की थेट गावच्या बोलीत शिरायच्या. "बग बग, कसा नाचतंय!"

माझा पंख मी वर्षभर खपून केलेला. एकुलता एक. शिष्यवृत्ती संपत आलेली, प्रबंध त्याच्यावर अडलेला. त्या दिवशी त्याचं टोक भलतंच पिळायला लागलं. मी ओरडले, "मॅडम, बंद करा!" मॅडम काचेला नाक लावून. "थांब गो, कायतरी येगलंच हाय..."

फाट्‌! पंखाचे तुकडे बोगद्याच्या जाळीवर.

मी रडलेच. राग तर असा आला, की समोर मॅडम नसत्या तर काहीतरी फेकूनच मारलं असतं. कुणीतरी म्हणालं, "कॅमेऱ्यात सगळं आलंय, उलट फायदाच झाला." मॅडमनी त्याला गप्प केलं. "फायदा राहू दे. चूक माझी आहे. हात बटणावर होता आणि जीव पंखात."

गणपतीची सुट्टी लागली. घरी गौरी आलेल्या, आणि ह्या बाई डब्यात तांदळाच्या भाकऱ्या घेऊन लॅबमध्ये माझ्याबरोबर कार्बनच्या पट्ट्या चिकटवत बसल्या. घरून फोन आला की "निघालेच" म्हणायच्या आणि जागच्या हलायच्या नाहीत. माझा राग कधी गेला, कळलंच नाही. दुसरा पंख टिकला, तो वेग सापडला, प्रबंध वेळेत गेला.

तेव्हापासून लॅबचा नियम झाला: ज्याला बघायची हौस, त्याने बटणाला हात लावायचा नाही. मॅडमनी पुन्हा कधीच लावला नाही.

परवा त्या निवृत्त झाल्या. शेवटची चाचणी त्यांच्याच हातून करायची, असं आम्ही ठरवलेलं. पोरांनी बटणाला झेंडूचा हारसुद्धा घातला होता. मी खुर्ची पुढे सरकवली. "आज तरी, मॅडम. आज नियम नाही."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"तूच बस गो. माजी हौस अजून कुटं फिटलीय?"